पाड्यातील स्वयंसेवक आणि सार्वजनिक कला : कोलकात्याच्या दुर्गापूजेचा अर्थशास्त्रीय विचार

१५ डिसेंबर २०२१ रोजी युनेस्कोच्या आंतरशासकीय समितीने 'कोलकात्यातील दुर्गापूजा' या परंपरेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केला. २०१७ मधील कुंभमेळा आणि २०२३ मधील गुजरातचा गरबा यांच्याप्रमाणेच ही नोंद स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु ज्या कारणाने ही पूजा अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विचार करावयास लावते, ते कारण या नोंदीत सहसा येत नाही. शरद ऋतूत काही दिवस या महानगराच्या गल्लीबोळांत शेकडो भव्य कलाकृती उभ्या राहतात. लक्षावधी लोक त्या तिकीट न काढता पाहतात. त्या कोणत्याही संग्रहालयाने मांडलेल्या नसतात, महापालिकेने उभारलेल्या नसतात आणि त्यांचा आरंभ एखाद्या व्यावसायिक कंपनीने केलेला नसतो. त्यांच्यामागे असतात वस्तीतील क्लबांचे सभासद, म्हणजेच नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी एकत्र येणारे विनावेतन स्वयंसेवक. कलावंताला काम देणे, जागा देणे, पैसा उभा करणे आणि प्रेक्षकाला सुखरूप आत-बाहेर नेणे ही चारही कामे ते करतात. हे कसे शक्य होते आणि अलीकडच्या काळात या व्यवस्थेवर कोणता ताण आला आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जमीनदाराच्या अंगणातून गल्लीत

बंगाली भाषेत शहरातील वस्तीला 'पाडा' म्हणतात. मराठीत हा शब्द प्रामुख्याने आदिवासी वस्तीसाठी वापरला जातो. बंगालीत त्याची छटा आपल्या 'आळी'च्या जवळची आहे. पाड्याची पूजा ही तुलनेने नवी गोष्ट होय. अठराव्या शतकात दुर्गापूजा ही राजे, जमीनदार व धनाढ्य व्यापारी यांच्या वाड्यांतील बाब होती. कोलकात्याच्या शोभाबाजार राजवाड्यात नबकृष्ण देव यांनी १७५७ मध्ये सुरू केलेली पूजा हे त्याचे ठळक उदाहरण. खर्च एका घराण्याचा, कीर्ती त्याच घराण्याची, आणि प्रवेश त्या घराण्याच्या इच्छेवर अवलंबून.

या पद्धतीला पहिला छेद हुगळी जिल्ह्यातील गुप्तीपाडा येथे गेला. तेथे बारा मित्रांनी एकत्र येऊन वर्गणीतून पूजा केली, अशी परंपरा सांगितली जाते. 'बारा यारां'ची म्हणून ती 'बारोयारी'. पुढे १९१० मध्ये कोलकात्यातील भवानीपूर भागात सनातन धर्मोत्साहिनी सभेने सर्वांच्या वर्गणीतून केलेली पूजा ही शहरातील पहिली 'सर्वजनीन' पूजा मानली जाते. स्वातंत्र्य चळवळीच्या काळात या पूजांना राष्ट्रीय आशयही लाभला आणि बागबाजारसारख्या मंडळांशी सुभाषचंद्र बोस यांचा संबंध आला. १८९३ नंतरच्या सार्वजनिक गणेशोत्सवाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला या वळणाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. मात्र एक आर्थिक सूक्ष्म भेद येथे लक्षात घ्यावा. आश्रयदाता एक असतो तेव्हा कलावंताला त्याची एकट्याची अभिरुची सांभाळावी लागते. आश्रयदाते पाचशे झाले, की त्या पाचशेंच्या वतीने कलावंताशी बोलणारा कोणी तरी लागतो. स्वयंसेवक ही भूमिका येथे जन्माला येते.

वर्गणी न देणाऱ्याचे काय?

सार्वजनिक वस्तूची शास्त्रशुद्ध मांडणी पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये केली. एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा उपभोग कमी होत नाही आणि पैसे न देणाऱ्याला वगळता येत नाही, अशी ही वस्तू. रस्त्यावरील कलाकृती बऱ्याच अंशी या व्याख्येत बसते. 'बऱ्याच अंशी' म्हणण्याचे कारण असे की, अष्टमीच्या रात्री दक्षिण कोलकात्यातील एखाद्या नामांकित मंडपासमोर उभे राहिलेल्यास एकाच्या उपभोगाने दुसऱ्याचा उपभोग कसा कमी होतो हे वेगळे शिकवावे लागत नाही.

अशा वस्तूच्या बाबतीत प्रत्येकाला वाटते की, खर्च शेजाऱ्याने करावा आणि लाभ आपण घ्यावा. ही 'फुकट्या'ची समस्या होय. सर्वांनी असाच विचार केल्यास कलाकृती उभीच राहणार नाही. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की, गट लहान असेल, सभासद एकमेकांना ओळखत असतील आणि सहभागी होणाऱ्यास काही खास लाभ मिळत असेल, तर ही समस्या सुटू शकते. पाडा हा नेमका असा गट आहे. वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहणारा मुलगा अनोळखी नसतो. तो समोरच्या घरातला असतो. वर्गणी न देणारा कोण, हे चार दिवसांत सर्वांना कळते. देणाऱ्याला आणि राबणाऱ्याला मिळणारा लाभही आहे : वस्तीतील प्रतिष्ठा, भोगाच्या पंगतीतील स्थान, आणि 'आमच्या पाड्याचा मंडप' म्हणून मिरविण्याचा हक्क. जेम्स अँड्रियोनी यांनी १९९० मध्ये देण्याच्या कृतीतूनच मिळणाऱ्या समाधानाला अर्थशास्त्रात स्थान दिले, तेही येथे लागू पडते.

या चित्राची दुसरी बाजू लपविणे योग्य होणार नाही. ओळखीचा दबाव आणि दांडगाई यांच्यामधील रेषा पुसट असते. 'चाँदार जुलूम', म्हणजे वर्गणीची जबरदस्ती, हा शब्दप्रयोग बंगालीत रूढ झाला तो उगाच नव्हे. दुकानदार आणि मालमोटारींचे चालक यांना त्याचा त्रास सहन करावा लागला आहे. सहकार्याचे सामाजिक भांडवल ज्या मुशीत तयार होते, त्याच मुशीत सक्तीही तयार होऊ शकते, हे परीक्षेतील उत्तरात लिहिण्याजोगे आहे. आदर्श चित्रच रंगविणारी उत्तरे बहुधा अर्धी असतात.

स्वयंसेवक नेमके काय करतात?

काम चार दिवसांचे नसून कित्येक महिन्यांचे आहे. अनेक क्लबांत पुढील वर्षाच्या कलावंताशी बोलणी आधीची पूजा संपल्यावर लगेच सुरू होतात. रथयात्रेच्या सुमारास किंवा त्यानंतर 'खुटी पूजा' होते, म्हणजे मंडपाचा पहिला बांबू रोवला जातो. पोलीस, अग्निशमन दल, महापालिका आणि वीज कंपनी यांच्या परवानग्या मिळवाव्या लागतात. मेदिनीपूर, नदिया यांसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या कारागिरांची राहण्या-जेवण्याची सोय करावी लागते. अरुंद गल्लीत बांबूंचा सांगाडा उभा राहिला की, ज्यांच्या खिडक्या झाकल्या जातात त्या रहिवाशांची समजूत घालावी लागते; हे काम बाहेरच्या कोणत्याही कंत्राटदाराला जमणारे नाही. रात्रीची राखण, गर्दीचे नियमन, हरवलेल्या मुलांचा शोध, आणि शेवटी विसर्जन. कलावंताला शहराच्या मध्यभागी तीन-चार महिने मोकळी जागा, माणसे आणि हमखास प्रेक्षक मिळतो, तो या न दिसणाऱ्या श्रमांमुळे.

या श्रमांचे मूल्य किती? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका क्लबाचे ४० स्वयंसेवक ६० दिवस रोज सरासरी ३ तास काम करतात. एकूण तास ७,२०० झाले. हेच काम दिवसाला ६०० रुपये, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने तासाला ७५ रुपये मजुरी देऊन करून घेतले असते, तर ५ लाख ४० हजार रुपये लागले असते. यास प्रतिस्थापन खर्चाची पद्धत म्हणतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये स्वयंसेवी कार्याच्या मोजमापासाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत हीच पद्धत सुचविली आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या लेख्यांत मात्र विनावेतन सेवेची नोंद होत नाही. कारागिराला दिलेली मजुरी देशांतर्गत उत्पादनात धरली जाते. त्याला जेवण वाढणाऱ्या स्वयंसेवकाचा तास धरला जात नाही. आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये केलेल्या कालोपयोग सर्वेक्षणांत विनावेतन स्वयंसेवी कामाचा स्वतंत्र वर्ग आहे, त्यामुळे निदान वेळेची मोजदाद होऊ लागली आहे.

कलावंतांचे दोन वर्ग

ज्या कलावंतांना हा आश्रय मिळतो त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग परंपरागत मूर्तिकारांचा. उत्तर कोलकात्यातील कुमारटुली ही त्यांची वस्ती. त्यांतील अनेक घराण्यांचे मूळ नदिया जिल्ह्यातील कृष्णनगरात आहे. बांबू व पेंढ्याचा सांगाडा, त्यावर मातीचे थर, मग रंग आणि शोल्याच्या पांढऱ्या गाभ्याचे दागिने, असा मूर्तीचा क्रम. पूर्वी देवी आणि तिची अपत्ये एकाच चौकटीत, 'एकचाला' पद्धतीने घडवीत. १९३० च्या दशकात गोपेश्वर पाल यांनी त्या मूर्ती सुट्या करून नव्या शैलीला वाट दिली. या कारागिरांची आर्थिक अडचण शेतकऱ्यासारखी आहे. माती, पेंढा, बांबू व मजुरी यांचा खर्च कित्येक महिने आधी, उत्पन्नाचा मोठा भाग मूर्ती नेताना, आणि मधल्या काळात विसारावर किंवा कर्जावर गुजराण. पाऊस लांबला तर माती वाळत नाही, मागणी घटली तर साठवून ठेवता येत नाही. २०२० मध्ये महासाथीमुळे मूर्तींची उंची आणि संख्या दोन्ही घटली, तेव्हा ही नाजूकता उघडी पडली.

दुसरा वर्ग कलामहाविद्यालयांतून शिकलेल्या कलावंतांचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून 'थीम पूजा' रूढ झाली. मूर्ती, मंडप, प्रकाश आणि ध्वनी मिळून एकच रचना करावी, आणि तिचा कर्ता एक कलावंत असावा, ही त्यामागील कल्पना. २००१ मध्ये बोसपुकुर शीतला मंदिराच्या पूजेत बंधन राहा यांनी चहाच्या मातीच्या कुल्हडांचा मंडप उभारला; तो पाहण्यासाठी शहर लोटले. त्यानंतर भबतोष सुतार, सनातन दिंदा, सुशांत पाल अशा कलावंतांची नावे मंडळाच्या नावाइतकीच महत्त्वाची ठरू लागली. २०२० मध्ये बेहाला भागातील बडिशा क्लबाने टाळेबंदीत पायी घरी निघालेल्या स्थलांतरित मजूर स्त्रीच्या रूपात देवी साकारली. ही मूर्ती पल्लव भौमिक यांनी घडविली होती. कलादालनात क्वचितच पाऊल ठेवणाऱ्या माणसाला समकालीन शिल्पाशी असा सामना घडविणारी दुसरी व्यवस्था देशात सहजी सापडणार नाही. इतिहासकार तपती गुहा-ठाकुरता यांनी या परिवर्तनाचा दीर्घ अभ्यास केला असून युनेस्कोकडे गेलेला प्रस्तावही त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला.

या दोन वर्गांखेरीज चंदननगरचे प्रकाशयोजनाकार, शोल्याचे मालाकार आणि पूजेच्या तोंडावर सियालदह स्थानकाबाहेर ढोल वाजवीत कामाची वाट पाहणारे 'ढाकी' वादक यांचाही चरितार्थ या हंगामाशी बांधलेला आहे. ढाकींचा तो बाजार म्हणजे हंगामी श्रमबाजाराचे इतके उघड उदाहरण आहे की, पाठ्यपुस्तकांनी त्याची दखल घ्यावयास हवी होती.

बत्तीस हजार कोटींत कलावंत कोठे?

२०१९ च्या पूजेच्या आधारे ब्रिटिश कौन्सिलने पश्चिम बंगालमधील या सर्जनशील अर्थव्यवस्थेचे मापन करविले. त्यात आयआयटी खरगपूर आणि लंडनचे क्वीन मेरी विद्यापीठ यांचा सहभाग होता. पूजेभोवतीच्या दहा उद्योगांची उलाढाल ३२,३७७ कोटी रुपये, म्हणजे राज्याच्या सकल उत्पादनाच्या २.५८ टक्के, असा निष्कर्ष निघाला. हा आकडा भाषणांतून वारंवार उद्धृत होतो. त्याची फोड मात्र क्वचित सांगितली जाते. एकूण रकमेच्या चार-पंचमांशाहून अधिक वाटा किरकोळ व्यापाराचा आहे, म्हणजे नवे कपडे, पादत्राणे, घरगुती वस्तू इत्यादींचा. मूर्तिकलेचा वाटा २६० ते २८० कोटी रुपये, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. मंडपरचनेचा सुमारे ८६० कोटी, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आत.

याचा अर्थ असा की, ज्या कलेमुळे लोक घराबाहेर पडतात, तिच्या वाट्याला त्या गर्दीने केलेल्या खर्चाचा अगदी लहान अंश येतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही बाह्य लाभाची स्थिती होय. मंडपाशेजारच्या उपाहारगृहाची विक्री वाढते. पण त्या वाढीपैकी काही मंडपाच्या कर्त्याकडे आपोआप वळत नाही. ते वळविण्याचे काम स्वयंसेवक करतात. दुकानदाराकडून घेतलेली वर्गणी आणि स्मरणिकेतील जाहिरात ही वस्तुतः या बाह्य लाभाची अनौपचारिक वसुलीच आहे.

पैसा वाढला, मग?

१९८५ मध्ये एशियन पेंट्स कंपनीने 'शारद सन्मान' हा पुरस्कार सुरू केला. ध्वनिक्षेपकांच्या गोंगाटाऐवजी कलात्मकतेची स्पर्धा व्हावी, हा त्याचा इष्ट परिणाम झाला यात शंका नाही. पुढे पुरस्कारांची संख्या वाढली, त्यांच्या पाठोपाठ प्रायोजक आले, आणि नामांकित पूजांच्या खर्चात वर्गणीचे प्रमाण घटत गेले. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये कला व वारसा यांवरील खर्च सामाजिक दायित्वात मोडतो. परंतु विपणनाच्या लाभासाठी केलेले प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही, हे २०२१ च्या सुधारित नियमांनी स्पष्ट केले आहे. मंडपाच्या वाटेवर दुतर्फा लावलेले फलक ही जाहिरातच आहे, दान नव्हे. जाहिरातदार जेथे गर्दी तेथे जातो. परिणामी मोठ्या पूजा अधिक मोठ्या होतात आणि लहान पाड्यातील नवोदित कलावंताकडे पैसा वळत नाही.

राज्य शासनाने २०१८ मध्ये मंडळांना प्रत्येकी १०,००० रुपये अनुदान देण्यास प्रारंभ केला. तेव्हा २८,००० मंडळांसाठी २८ कोटी रुपये लागले. ही रक्कम २०२० मध्ये ५०,०००, २०२४ मध्ये ८५,००० आणि २०२५ मध्ये १ लाख १० हजार रुपये झाली. सुमारे ४५,००० मंडळे धरल्यास २०२५ चा भार ५०० कोटींच्या घरात जातो. हा विषय कलकत्ता उच्च न्यायालयापुढे अनेकदा गेला. २०२० मध्ये न्यायालयाने अनुदानापैकी ७५ टक्के रक्कम मुखपट्ट्या, जंतुनाशके अशा साहित्यावर खर्च करण्याचे बंधन घातले, तर २०२५ मध्ये आधीच्या खर्चाचा हिशेब न देणाऱ्या मंडळांना अनुदान मिळू नये असे सांगितले.

या अनुदानाबद्दल राजकीय वाद बराच झाला. आर्थिक प्रश्न त्याहून वेगळा आहे. बाहेरून आलेला पैसा वस्तीच्या स्वेच्छेच्या वर्गणीत भर घालतो की तिची जागा घेतो? अर्थशास्त्रात यास 'उच्चाटन परिणाम' म्हणतात. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाच्या संदर्भात मांडले होते की, जे काम लोक आपुलकीने करतात त्यात पैसा आणल्यास आपुलकी आटण्याचा धोका असतो. पाड्यातही हे संभवते. दारोदार वर्गणी मागण्याची गरज संपली, तर दारोदार जाणेही संपेल; आणि त्या जाण्यातूनच नवे स्वयंसेवक तयार होतात. पूर्वी क्लबाने स्वतः सांभाळलेल्या गर्दीच्या नियमनासाठी खासगी सुरक्षारक्षक नेमण्याची प्रथा मोठ्या पूजांत रूढ झाली आहे. माझे मत असे की, सरसकट समान अनुदानापेक्षा वस्तीने गोळा केलेल्या वर्गणीच्या प्रमाणात अनुदान देणे आणि त्याचा ठरावीक हिस्सा कलावंत व कारागीर यांच्या मानधनासाठी राखणे अधिक हितावह ठरेल. प्रमाणबद्ध अनुदानाने वर्गणीला प्रोत्साहन मिळते. समान अनुदानात वर्गणी गोळा करणारा आणि न करणारा क्लब सारखाच ठरतो. श्रीमंत वस्तीला त्यात अधिक लाभ होईल हा आक्षेप रास्त आहे. त्यावर वरची मर्यादा आणि गरीब वस्तीसाठी वाढीव गुणक असा उपाय करता येईल.

उरलेले महिने

कलावंताच्या दृष्टीने पूजा हा दोन-चार महिन्यांचा रोजगार आहे. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत मूर्तिकार, कुंभार व मालाकार यांचा समावेश आहे. टप्प्याटप्प्याने ३ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने देण्याची तीत तरतूद आहे. हंगामापूर्वीच्या भांडवलाची गरज अशा कर्जाने भागू शकते. मात्र अर्जदारांची पडताळणी स्थानिक स्वराज्य संस्था व जिल्हा पातळीवरून होत असल्याने राज्याच्या सहकार्याशिवाय ती पुढे सरकत नाही.

दुसरा प्रश्न कलाकृतीच्या आयुष्याचा. मूर्ती विसर्जित होते. ते परंपरेला धरूनच आहे. मंडपाचे भाग मात्र पुष्कळदा त्यानंतर येणाऱ्या कालीपूजेच्या किंवा जगद्धात्री पूजेच्या मंडळांना विकले जातात आणि तेथे मूळ कलावंताचे नाव राहीलच असे नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ ने कर्त्याला नैतिक हक्क दिले आहेत. विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून टाकल्याच्या प्रकरणात अमरनाथ सहगल यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेल्या निर्णयाने ते हक्क सार्वजनिक कलेच्या संदर्भात ठळक केले. क्लब आणि कलावंत यांच्यातील व्यवहार पुष्कळ ठिकाणी अजून तोंडी किंवा एका पानाच्या चिठ्ठीवर होतो. मानधनाचे हप्ते, फेरविक्रीतील वाटा आणि नावाचा उल्लेख या तीन बाबी लेखी करारात आणणे क्लबाच्या चिटणिसाला काहीही खर्चाचे नाही.

काही निवडक मूर्ती रवींद्र सरोवराजवळच्या दालनात जतन केल्या आहेत. बेहाला नूतन दल या क्लबाने पूजेचा हंगाम सोडूनही आपल्या वस्तीतील घरांच्या भिंती, अंगणे व गल्ल्या कलावंतांना खुल्या करून देणारा कलामहोत्सव भरविला आहे. तेथे देवीची मूर्ती नसते, पुरस्काराची स्पर्धाही नसते. पावतीपुस्तक आणि रात्रीची राखण करणारी माणसे मात्र तीच असतात.